मिशिगन विद्यापीठ, ॲन आर्बर: ऑनर्सचं मॅथ २९५ घ्यावं का?

पहिल्या वर्षी साधं कॅल्क्युलस (११५ आणि ११६ क्रमांकाचे कोर्स) की ऑनर्सचं, म्हणजे जास्त कठीण, २९५? मी २९५ घेतलं. बारावीला पुण्यात इंटिग्रेशनची गणितं झरझर सोडवायचो, त्या वेगाचा इथे फारसा उपयोग नाही. सुरुवातीपासून सिद्धता लिहायच्या. फंक्शन संतत (कुठेही न तुटणारं) आहे हे आलेख काढून चालत नाही. कोणताही एप्सिलॉन (फंक्शनच्या किमतीत चालेल एवढा फरक) दिला तरी त्याला पुरेल असा डेल्टा (x मध्ये ठेवायचा फरक) शोधून दाखवायचा. गृहपाठात अख्खा रविवार जातो, पण वर्गातल्या मुलांबरोबर फळ्यापुढे भांडत काढलेले ते तास मला मनापासून आवडले. कळणं म्हणजे काय ते तिथे कळलं.

इंजिनिअरिंग करायचं असेल तर ११६ नंतर सरळ २१५ (अनेक चलांचं कॅल्क्युलस) घ्या. शुद्ध गणितच करायचं असेल तर २९५च, आणि पुढे २९६. मधली वाट हवी असेल त्यांच्यासाठी १८५ (ऑनर्सचं कॅल्क्युलस) आहे.