खारपाणपट्ट्यातील दुकानात विकायला ठेवलेला समुद्री ग्रुपर

अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागात शोभिवंत माशांची दुकाने मोजकीच आहेत. त्यांपैकी एका दुकानात माझे बऱ्याच वर्षांपासून जाणे-येणे आहे. नाव मुद्दाम देत नाही. मालकांना जे सांगायचे ते समोरासमोर सांगून झाले आहे. काचेच्या टाक्या ते स्वतः जोडून देतात आणि त्यांचे सिलिकॉनचे जोड गळत नाहीत. एअर पंपाचे रबरसुद्धा सुटे मिळते, एरवी त्यासाठी अमरावती गाठावी लागते. गप्पी आणि मॉली निरोगी असतात. एवढ्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती दर्शनी टाकीतल्या माशाबद्दल. ‘गोड्या पाण्यातला ग्रुपर’ अशी चिठ्ठी लावून तेथे बोटभर लांबीची पिल्ले ९०० रुपयांना विकली जातात. पांढरट अंगावर काळे गोल ठिपके, निमुळते डोके किंचित खाली झुकवून पंख फडफडवत पोहण्याची ढब. हा पँथर ग्रुपर आहे, याबद्दल शंका उरत नाही. कोकणात ज्यांना हेकरू म्हणतात त्यांच्याच कुळातला हा मासा पश्चिम प्रशांत महासागरातील प्रवाळ खडकांत राहतो आणि पूर्ण वाढ झाल्यावर ७० सेंटिमीटरपर्यंत पोचतो. तो गोड्या पाण्याचा नाही, आणि कोणत्याही युक्तीने होणारही नाही.

विचारणा केली तेव्हा उत्तर आले, ‘काई होत नाई सर, आपलं पाणी खारंच हाये नं, जमते त्याले.’ हा युक्तिवाद आपल्याकडे सहज पटण्याजोगा आहे, कारण पूर्णेच्या खोऱ्यातील बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, हे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु आरओ प्लँटवाले वापरतात तसला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मी त्या टाकीत बुडवला, तेव्हा आकडा लिटरला १,४०० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने, दुसरा स्रोत नसल्यास, घातलेली कमाल मर्यादा २,००० आहे; समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. जे पाणी आपल्याला खारट लागते, ते त्या माशाच्या दृष्टीने जवळजवळ गोडेच आहे.

याचा परिणाम माशाच्या शरीरात कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. समुद्री माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे समुद्रात त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ती तूट तो समुद्राचेच पाणी पिऊन भरून काढतो, जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींमार्फत बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. गोड्या पाण्यात सगळा व्यवहार उलटा होतो: पाणी कल्ल्यांतून आत शिरते, क्षार बाहेर झिरपतात, आणि शिरलेले पाणी उपसून काढण्याची तयारी त्याच्या मूत्रपिंडांत नसते. आमच्या गल्लीतील एका विद्यार्थ्याने घेतलेले पिल्लू मी पाहिले तेव्हा ते तळाशी एका कुशीवर टेकलेले होते, कल्ल्यांची झाकणे भराभर उघडमीट करत होती, पोट फुगले होते आणि समोर टाकलेल्या झिंग्याकडे त्याचे लक्षही नव्हते. दुसऱ्या दिवशी ते मेले. दुकानाने ‘पाणी बदलताना चुकले असेल’ असे सांगून पैसे परत करण्यास नकार दिला.

खाड्यांच्या मचूळ पाण्यात काही जातींचे ग्रुपर आढळतात, हे मालकांचे म्हणणे खरे आहे. नारिंगी ठिपक्यांचा ग्रुपर त्यांपैकी एक. पण कमी खारेपणा काही काळ सोसणे निराळे आणि बोअरच्या पाण्यात जन्म काढणे निराळे.

कोणी म्हणेल, मग खारे पाणी तयार करून ठेवावे. हजार लिटरच्या टाकीला, आणि पूर्ण वाढलेल्या या माशाला त्याहून लहान टाकी पुरणार नाही, ३५ किलो समुद्री क्षार लागतात, तेही आरओच्या पाण्यात, आणि किराणा दुकानातले मीठ त्यासाठी चालत नाही. त्यावर आपल्याकडचा मे महिना. पारा पंचेचाळिशी ओलांडत असताना पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचे तर चिलर हवा, आणि भारनियमनात तो चालणार कशावर? गरम, खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पंप बंद पडला की मासा लगेच अडचणीत येतो. खेड्यात हा शौक मला तरी परवडणारा वाटत नाही.

मोठ्या जबड्याचा शिकारी मासाच हवा असेल, तर मरळ पाळावी. ती वरची हवाही घेते, म्हणून वीज गेली तरी तग धरते, फक्त टाकीवर घट्ट जाळी लागते, कारण ती उडी मारते. खारपाणपट्ट्यातील जड पाण्यासाठी मॉलीइतका सोयीचा मासा दुसरा नाही, आणि ती याच दुकानात चांगली मिळते. टाकी, पंप आणि मॉली यांसाठी दुकानाला मी पाचपैकी चार गुण देईन. ग्रुपरसाठी शून्य, आणि ती चिठ्ठी निघेपर्यंत शून्यच.