टक्का की नावांची यादी?

पासष्टीपुढच्या रुग्णांची औषधे कमी करायची आहेत आणि आपण लिहितो ते कोणीतरी तपासून सांगावे असे वाटते, तर डॉक्टरांपुढे दोन वाटा आहेत. एक, दर तिमाहीला येणारा तक्ता: जोखमीची औषधे चालू असलेल्या रुग्णांचा तुमचा टक्का इतका, इतरांचा इतका. दुसरी, रुग्णांच्या नावांची यादी, नावापुढे खटकलेले औषध आणि एका ओळीचा शेरा. कोथरूडमधल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या छोट्या गटात मी दोन्ही वापरले आहे. (स्क्रीनवर उगवणाऱ्या सूचनांचे विचारू नका. गर्दीच्या ओपीडीत त्या न वाचताच बंद होतात.)

तक्ता स्वस्त पडतो, कोणाची खासगी माहिती बाहेर जात नाही, आणि तो निरुपयोगीही नाही. स्कॉटलंडमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा आकडेवारीनेच जोखमीची औषधयोजना थोडी घटली होती.

पण तक्ता वाचून मी करायचे काय? 'वेदनाशामक, प्रेशरची गोळी आणि लघवीची गोळी एकत्र चालू असलेले रुग्ण तुमच्याकडे जास्त.' बरं, पण कोण? सोमवारी समोर बसलेल्या काकू पिशवीतून कापलेल्या स्ट्रिप्स काढतात, निम्म्यांवर नावही उरलेले नसते. त्यातल्या एकाच गोळीत प्रेशरची टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन, शिवाय लघवीची क्लोरथॅलिडोन. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक ॲसेक्लोफेनॅक वेगळी. म्हणजे टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि ॲसेक्लोफेनॅक असा मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारा तिघांचा मेळ अवघ्या दोन गोळ्यांत बसलेला. हे टक्क्यातून कसे कळणार? मला तरी नाही कळले, आणि याच वैतागाने मी यादीकडे वळलो.

यादीत काकूंचे नाव असते. पुढे शेरा: 'ॲसेक्लोफेनॅकची गरज अजून आहे का? क्रिएटिनिन पाहा.' (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी.) मग हाडांच्या डॉक्टरांना फोन करायला निमित्त मिळते, आणि नेमके विचारले की सहसा तेही ऐकतात.

यादीला कष्ट आहेत, हे खरे. आमची यादी फार्माकॉलॉजी शिकवणारा एक मित्र करतो, रुग्णांची परवानगी घेऊन. तो बीअर्स निकष (२०२३ ची आवृत्ती) आणि स्टॉप-स्टार्ट या वयस्कांसाठी कोणती औषधे टाळावीत, कोणती द्यावीत हे सांगणाऱ्या याद्या हाताशी ठेवतो, पण रुग्ण त्याने पाहिलेला नसतो. पोटातले आम्ल कमी करणारी 'पँटोप्रॅझोल बंद करा' असे तो लिहितो, आणि रुग्णाला ॲस्पिरिन चालू असून पूर्वी पोटात रक्तस्राव झालेला असतो, म्हणजे ती गोळी त्याला हवीच असते. झोपेसाठी, चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामचेही तसेच: वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकदम तोडता येत नाही, डोस हळूहळू उतरवावा लागतो. शेवटी निर्णय आपलाच.

मोठ्या रुग्णालयात, जिथे विभागांची तुलना करायची असते, तिथे कदाचित तक्ताच सोयीचा पडेल. दोन-चार डॉक्टरांच्या दवाखान्याला मात्र मी यादीच सुचवेन. पहिल्या खेपेला फक्त हा तिघांचा मेळ शोधा आणि ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे त्यांची नावे वर घ्या.