खडकाळ रस्ता आणि सरकणारा झीरो: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दुरुस्ती केंद्रातून माझा रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, दुसऱ्यांदा परत आला आणि सोबत पुन्हा तीच एक ओळ: ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ त्याच दिवशी रागाने हा अनुभव लिहायला घेतला. पहिलंच वाक्य होतं, ‘हा स्कोप घेऊ नका.’ ते मी नंतर खोडलं. का खोडलं ते सांगतो. राग मात्र सगळा गेलेला नाही.

४ ते १६ पट मोठं दाखवतो, ३० मिमी नळी, नेम सरकवणाऱ्या खुंटीचा क्लिक ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं माप, १०० मीटरवर एक क्लिक म्हणजे १ सेंटीमीटर). काच उत्तम आहे, उजेड उतरल्यावरही कागदावरची छिद्रं दिसतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिले तीन महिने सपाट रस्त्याने पोहोचता येईल अशा नेमबाजीच्या रेंजवर जात होतो. १०० मीटरवर लावलेला झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळणी, जागची हलली नाही. मग लांब पल्ल्याच्या रेंजवर जायला लागलो. तिथला शेवटचा टप्पा नुसता दगडगोट्यांचा. कधी जीपने, चिखल असेल तर एटीव्हीवरून (कच्च्या रस्त्यासाठीची छोटी उघडी गाडी). पहिल्याच फेरीत ग्रुपचा, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा, मध्य ६ सेंटीमीटर उजवीकडे आणि ४ वर. क्लिक फिरवून जागेवर आणला. पुढच्या फेरीत तो ५ सेंटीमीटर डावीकडे. मी प्रत्येक फेरी वहीत लिहितो. सहा फेऱ्यांचा हिशेब केला तेव्हा दिसलं, नुसता झीरो परत लावण्यात ७० हून जास्त काडतुसं गेली होती. सरावाच्या नावाने त्यातलं एकही नाही. काडतुसं मोजून वापरणाऱ्याला हे सोसवत नाही.

म्हणून स्कोप पाठवला. दोष नाही म्हणून परत आला. टरेट (क्लिकच्या खुंट्या) भलत्याच आकड्यावर फिरवून ठेवलेले, म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून झीरो. पुन्हा सरकला, पुन्हा पाठवला, पुन्हा तीच ओळ. रायफलवर तो कशाने बसवला आहे, नेता कसा, हा प्रश्न दोन्ही वेळा कुणी विचारला नाही.

मग स्वतःच शोधायला बसलो. आधी चौकोनाची चाचणी घेतली: २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर गोळ्या. शेवटचा ग्रुप पहिल्याच्या अंगावर बसला. आतली यंत्रणा ढिली असती तर असं झालं नसतं. दुसरी चाचणी मला आधीच सुचायला हवी होती. मित्राचा जुना, वर्षानुवर्षं भरवशाचा स्कोप त्याच रेलवर (रायफलला स्क्रूंनी बसवलेली, स्कोप धरणारी पट्टी) चढवला, झीरो केला, तोच रस्ता, तीच पिशवी. तोही सरकला. माझं मत तिथेच फिरलं.

स्कोपची नळी रेलवर धरणाऱ्या रिंगा काढल्या, रेल काढली. रेल रायफलला धरून ठेवणाऱ्या चार स्क्रूंपैकी पुढचा एक बोटांनी फिरला! भोकांमध्ये कारखान्यातलं गंजरोधक तेल तसंच होतं. आता गणित बघा. दोन रिंगांमधलं अंतर समजा १० सेंटीमीटर. एक टोक फक्त ०.०५ मिमी हललं, म्हणजे कागदाच्या निम्म्या जाडीइतकं, तर कोन ०.५ मिलने बदलतो आणि १०० मीटरवर गोळी ५ सेंटीमीटर बाजूला जाते. डोळ्याला हे ढिलेपण दिसणारच नाही.

‘एवढ्या जोरदार रायफलचा धक्का सोसतो, मग गाडीचं काय,’ असं मलाही वाटायचं. गोळी सुटतानाचा धक्का मोठा, पण क्षणाचा आणि बॅरलच्या रेषेत. गाडीचं हादरणं लहान, पण हजारो वेळा आणि आडवं. आडव्या कंपनांनी जोड किंचित घसरत राहिला तर स्क्रू आपोआप सुटत जातो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं. नटबोल्ट त्याच तत्त्वावर आजही तपासले जातात.

आता माझी मुख्य तक्रार. खोक्यात रिंगा होत्या आणि एक ऍलन की. पण स्क्रू किती आवळायचा, तो आकडा जाड पुस्तिकेत कुठेही नाही. काच पुसण्यावर दोन पानं आहेत! हाताच्या अंदाजाने आवळलं तर एकतर ढिलं राहतं, नाहीतर नळी चेपते. शेवटी टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) घेतला. रेलखालचे स्क्रू आणि भोकं ॲसिटोनने पुसली, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावलं आणि २० इंच-पाउंडवर, म्हणजे साधारण २.३ न्यूटन-मीटरवर स्क्रू आवळले. रिंगांच्या वरच्या टोप्या १८ वर, कोरड्याच. तिथे तेल किंवा थ्रेडलॉकर लागलं तर त्याच आकड्याला पकड जास्त बसते आणि नळीवर दाब येतो. हे माझ्या स्क्रूंचे आकडे आहेत, तुमच्या रिंगांच्या निर्मात्याने वेगळे दिले असतील तर तेच धरा. रिंग रेलच्या खाचेत पुढे ढकलून मग आवळली, म्हणजे धक्क्याला तिला पुढे सरकायला जागा उरत नाही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, गोळी न झाडता कळतं.

नेण्याची पद्धतही बदलली. मऊ पिशवी एटीव्हीच्या रॅकवर ठेवून पट्टा नेमका टरेटवरून ताणत होतो, ही चूक माझीच. आता कडक पेटी आणि स्कोपभोवती कोरून काढलेला फोम. स्कोपला काहीही टेकत नाही, वजन कुंदा आणि बॅरलवर पेललं जातं.

त्यानंतर त्याच रस्त्याने आठ फेऱ्या झाल्या. सर्वात मोठा फरक एका क्लिकचा, म्हणजे १ सेंटीमीटर. तेवढा तर माझ्या पाच गोळ्यांच्या ग्रुपमध्येच मावतो. स्कोप ठेवतोय. पुस्तिकेत टॉर्कचा आकडा छापा म्हणून निर्मात्याला पत्र लिहिलं, उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिणार आहे. रेंजवर पोहोचलो की आता आधी रेघा बघतो, मग पाच काडतुसं झीरोसाठी आणि उरलेली सगळी सरावाला.