ऑइलचा दिवा विझत नाही: आधी स्विच बदलायचा की गेज लावायचा?

कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात, पुन्हा स्टार्टर मारला आणि ऑइलचा लाल दिवा विझेना. इंजिन लगेच बंद करा आणि बाईक टेम्पोत घालून नाशिकला आणा. 'हळूहळू नेतो' म्हणत घोटीपर्यंत चालवली, तर क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) बेअरिंगं जाऊ शकतात.

ऑइलची पातळी आणि वास आधी घरीच बघा. पेट्रोलचा वास असेल तर ऑइल पातळ झालंय. हे ठीक असेल, तर गॅरेजात दोन सल्ले मिळतात.

पहिला, दिवा लावणारा-विझवणारा ऑइल प्रेशरचा स्विच बदला. स्वस्त, पटकन होणारं काम. पण स्विच काम कसं करतो ते समजून घ्या. इंजिन बंद असताना तो दिव्याची वायर इंजिनच्या बॉडीला जोडतो (अर्थिंग), म्हणून चावी फिरवली की दिवा लागतो. थोडं प्रेशर आलं की संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. म्हणून स्विचची वायर काढून चावी ऑन करा. तरीही दिवा लागला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. स्विच आणि इंजिन दोघंही निर्दोष. दिवा विझला तर मात्र स्विच खराब की प्रेशरच कमी, हे कळत नाही. नव्या स्विचने दिवा विझला, तरी पाच हजार आरपीएमला पुरेसं प्रेशर आहे का, हे त्यातून समजत नाहीच.

दुसरा, स्विचच्या जागी ऑइलचं प्रेशर मोजणारा गेज लावा. तो स्विचच्या छिद्रात बसवायला ॲडॉप्टर शोधावा लागतो. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या हायड्रॉलिक फिटिंगवाल्यांकडे जुना स्विच घेऊन जा आणि आटे जुळवूनच घ्या, जबरदस्तीने फिरवलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात. इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमला आकडा घ्या. दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नका: रोलर किंवा बॉल बेअरिंगवरच्या क्रँकला प्लेन बेअरिंगइतकं (ज्यात गोळ्या-रोलर नसतात, दांडा ऑइलच्या थरावरच फिरतो) प्रेशर लागतच नाही. थंड असतानाही आकडा कमी असेल, तर फिल्टर, स्ट्रेनर (ऑइलची जाळी), रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा), पंप बघा. थंडला ठीक आणि गरम झाल्यावर घसरला, तर पातळ ऑइल किंवा झिजलेली बेअरिंगं.

माझ्या गाडीला एका गॅरेजने दोनदा स्विच टाकला. दुसरीकडे गेज लावल्यावर प्रेशर खरंच कमी निघालं; सर्व्हिसिंगमध्ये फिल्टरची ओ-रिंग बसवायचीच राहिली होती. ओ-रिंग किरकोळ किमतीची, पण तेवढ्या दिवसांत इंजिनने काय सोसलं असेल, याचा मला अजूनही राग येतो.

म्हणून माझा कौल गेजला. अपवाद एकच: स्विचच्या कनेक्टरमधूनच ऑइल पाझरत असेल, तर स्विच बदलावाच लागणार. तो आधी बदला, पण जुना काढलाच आहे तर नवा बसवण्याआधी त्याच छिद्रात गेज लावून आकडा घ्या.