जुन्या खेळण्यांचा ऑनलाइन लिलाव : गाडी खरी, बोली खोटी

कुडाळला राहून मी मॅचबॉक्सच्या छोट्या गाड्या जमवतो. तळावर ‘लेस्नी’ हे नाव असलेली, म्हणजे १९८२ मध्ये ती इंग्लिश कंपनी बुडण्यापूर्वीची, एक लाल गाडी या लिलावाच्या संकेतस्थळावर दिसली, तेव्हा मी ३,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा इतरांना दिसत नाही. समोरचा जेवढा चढेल, त्याच्या एक पायरी वर आपली बोली आपोआप जाते.

शेवटच्या रात्री, एकही व्यवहार नावावर नसलेले एक खाते शंभर-शंभर रुपयांनी चढत ३,१०० वर गेले, लगेच ‘आकडा चुकला’ म्हणून त्याने ती बोली मागे घेतली आणि पुन्हा नेमकी २,९०० ची लावली. माझी मर्यादा त्याला कळली होती, आणि गाडी मला पुरत्या ३,००० ला पडली. नंतर पाहिले, तर त्या खात्याच्या साऱ्या बोली याच विक्रेत्याच्या मालावर होत्या. तक्रारीला ठरावीक छापाचे उत्तर आले.

पार्सल मात्र नीट बांधलेले होते, आणि गाडीही अस्सल आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घेताना घासाघीस निदान तोंडावर तरी होते. येथे मी आता मर्यादा आधी घालत नाही; शेवटच्या मिनिटाला एकच बोली लावतो, अर्थात पावसाळ्यात नेटवर्क टिकले तर.