पावसाचं पिंप: १४ महिन्यांनंतर (आणि तोटीबद्दल जरा जास्तच)

जुलैत प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं. पाकीट फोडल्यावर आधी एकच ओळ शोधली: वॉटर क्वालिटी प्रोटेक्शन चार्ज, म्हणजे घरावरून-अंगणातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यापायी लागणारा आकार. दीड युनिटचा एक युनिट झालाय! पण त्यात पिंपाचा वाटा शून्य, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही मेरीलँडमध्ये, मॉन्टगोमेरी काउंटीतल्या जर्मनटाउनला राहतो. इथं छत, ड्राइव्हवे, अंगणातली फरशी, म्हणजे पाणी मुरू न देणारी सगळी जागा मोजून, त्यावरून युनिटं ठरवून वर्षाला हा आकार लावतात. राज्याने २०१२ मध्ये कायदा करून काही काउंट्यांना असा आकार सक्तीचा केला, तेव्हा लोकांनी ‘रेन टॅक्स’ म्हणून बोंब मारली, २०१५ मध्ये राज्याने सक्ती काढली. आमच्या काउंटीत हा आकार त्या कायद्याच्या आधीपासून होता आणि नंतरही राहिला. (रॉकव्हिल आणि गेथर्सबर्ग शहरांच्या हद्दीतल्यांनी आपापल्या शहराचे नियम बघावेत, ते वेगळे आहेत.)

छताचं पाणी अडवून आकार कमी करायचा म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात ५५ गॅलनचं पिंप मागवलं. शंभर डॉलरच्या वर गेले. पन्हळीचा उभा पाइप कापून त्यात सोडला, पहिल्याच सरीत पिंप भरलं, आणि मी पोराच्या निकालासारखा त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तेव्हा पाच तारे दिले असते.

मग हिशोब केला. त्या पाइपला छताचा साधारण ४०० चौरस फुटांचा भाग उतरतो. एक इंच पाऊस पडला की तिथून साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी येतं. पिंपात मावतं २०८. पाव इंचाच्या आतच ते तुडुंब, बाकीचं सगळं पूर्वीसारखंच नाल्यात. चार पाइपांना चार पिंपं लावली तरी फार फरक पडणार नाही.

आता तोटी. ज्या कोणी ती बसवली त्याने आयुष्यात झारी भरलेली नाही. तळापासून तीन इंचांवर तोटी! खाली झारी जात नाही, म्हणून सिमेंटचे ब्लॉक आणून पिंप वर चढवलं. तरी शेवटचं तीन इंच पाणी आतच राहतं. हिवाळ्याआधी पिंप पूर्ण रिकामं करा, असं माहितीपत्रकात ठळक छापलंय. कसं करायचं? मी तोटी उघडून मोकळा झालो. जानेवारीत तळाला बर्फ झाला आणि तोटीच्या आट्यांपाशी तडा गेला.

विकणाऱ्याला मेल केला, फोटो पाठवले. उत्तर आलं, “आपण पिंप आडवं करून रिकामं केलं होतं का?” चार मेलनंतर नवी प्लॅस्टिकची तोटी फुकट द्यायला तयार झाले, टपालखर्च माझा. तो तोटीच्या किमतीपेक्षा जास्त! शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पितळी तोटी, दोन रबरी वायसर आणि टेफ्लॉन टेप आणली. तड्याच्या वर नवं भोक पाडलं, तड्यावर लांबी भरली. एप्रिलपासून थेंब गळलेला नाही. तोटी अजून वर गेली, त्यामुळे तळाला पाणीही जास्त राहतं, ते सोडा. नोव्हेंबरात आडवं करेन.

बिल कमी झालं ते बाबांमुळे. गेल्या ऑगस्टमध्ये ते साताऱ्याहून आले होते. मी त्यांना काउंटीचा तक्ता दाखवत होतो: १,४१० ते ३,४१२ चौरस फुटांपर्यंत एक युनिट, त्याच्या पुढच्या टप्प्याला दीड. आमचं माप ३,४६०. म्हणजे जेमतेम पलंगाएवढ्या जागेपायी दर वर्षी अर्ध्या युनिटचा भुर्दंड. बाबा मागच्या दारी गेले. जुनी शेड कधीच काढली होती, तिच्याखालचा आठ बाय दहाचा काँक्रीटचा ओटा तसाच होता. “हा कशाला पोसतोयस?” एवढंच म्हणाले.

भाड्याने घण आणि पहार आणली. दोन शनिवार गेले, तुकडे गाडीतून कचरा केंद्रावर पोचवायला चार फेऱ्या झाल्या. ओटा काढलेल्या जागी खडी पसरून मोकळं होऊ नका, दाबलेली खडीही मापात धरतात. आम्ही माती खोल उकरली, फोटो काढले, अर्ज केला. माप ३,३८० वर आलं. वर्षाला पन्नासच्या वर डॉलर वाचतात, आणि पिंपासारखं नोव्हेंबरात काही आडवं करावं लागत नाही. पाणी जिरवण्याच्या कामांवर जी वेगळी सूट मिळते ती तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करून टिकवावी लागते. फोडलेल्या ओट्याला तीही कटकट नाही.

त्या जागेत इथली देशी झाडं लावायचा माझा बेत होता. बाबांनी इंडियन स्टोअरमधून अळकुड्या आणून पुरल्या. पिंपाचं ओसंडणारं पाणी आता तिकडेच वळवलंय. थंडीत कंद काढून गराजमध्ये ठेवले होते, यंदा पानं सुपाएवढी झालीत. छतावरच्या डांबरी कौलांचं पाणी पितात म्हणून बायको त्यांची अळूवडी करू देत नाही.

पिंपाला तीन तारे. त्यातला एक पितळी तोटीचा.