दादाच्या खोलीच्या नावाखाली 1,03,000 घेतले, आणि घाण तिथेच ठेवली

हे लिहायला मला पाच महिने लागले. लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका बाईंना मृत्यूनंतरच्या खोली-सफाईचं हुबेहूब तसंच कोटेशन आलेलं पाहिलं, तेच शब्द, तीच घाई. म्हणून आता लाज बाजूला ठेवते.

दादा एकटा राहायचा. तो गेला हे नवव्या दिवशी कळलं, तेही शेजाऱ्यांना वास आला म्हणून. पंचनामा झाला, त्याला नेलं, पोलिसांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि ते गेले. खोली कोण साफ करणार, असं विचारलं तर "ते घरच्यांनी बघायचं." गादी, पलंगाचं प्लाय, खालची फरशी... मी दारातूनच मागे फिरले आणि जिन्यात बसून राहिले. तिथूनच फोनवर बायोहझार्ड सफाईवाले, म्हणजे रक्त आणि शरीरातली घाण साफ करणारे, शोधायला लागले.

पहिल्याच रिंगला फोन उचलणाऱ्या माणसाने जागा न बघता 38,500 सांगितले आणि 60 टक्के ॲडव्हान्स मागितला. मी 23,100 लगेच ऑनलाइन पाठवले. "तीन ठिकाणी चौकशी का केली नाहीस?" हे मला आजवर किती जणांनी विचारलं असेल! चार रात्री झोप नव्हती. वरच्या मजल्यावरची बाई दर तासाला येऊन विचारत होती, कधी होणार, कधी होणार. अशा वेळी कोटेशनं मागवत बसायला माणूस कुठून आणणार? या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं, त्यांचा धंदाच त्यावर चालतो. तरीही सांगते, जागा किंवा निदान फोटो न बघता जो आकडा सांगतो, त्याला पैसे देऊ नका.

दुसऱ्या दिवशी तिघे आले. त्यांच्यातल्या सुपरवायझरने आत डोकावून पाहिलं आणि बाहेर येऊन आवाज खाली आणत म्हणाला, "ताई, ही तिसऱ्या पातळीची केस आहे. आज केलं नाही तर अख्ख्या बिल्डिंगमध्ये साथ पसरेल. उद्या कुणी आजारी पडलं तर नाव तुमचंच येईल." जास्तीचे 46,000 सांगितले. विल्हेवाटीचे 12,500 वेगळे, सर्टिफिकेटचे 6,000 वेगळे. एकूण 1,03,000, आणि राहिलेले 79,900 काम सुरू करण्याआधी रोख. शेजारीण मागे उभी होती, तिने सगळं ऐकलं. मी मुलाला बँकेत पाठवलं.

आज मला माहीत आहे की नैसर्गिक कारणाने गेलेल्या माणसाच्या देहामुळे सहसा साथ पसरत नाही. धोका आहे, पण तो रक्ताला आणि शरीरातल्या द्रवांना थेट हात लावणाऱ्याला. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान 7 दिवस तग धरतो, म्हणून हातमोजे आणि डोळ्यांचं संरक्षण लागतंच. बंद दाराआडून बिल्डिंगभर रोग पसरेल असं कुणी सांगितलं, तर तो तुम्हाला घाबरवतोय.

आता ती गोष्ट, जी मला अजून झोपू देत नाही. काम सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. तिघांतला एक पोरगा दाराबाहेर आला, पांढरा सूट, निळे हातमोजे, मास्क. त्याने मास्क हनुवटीवर ओढला, त्याच हातमोज्यांनी फोन काढून कानाला लावला, आणि बोलता बोलता त्याच बोटाने डोळा चोळला. मग कठड्याला धरून खाली गेला, पाण्याची बाटली घेऊन वर आला, आणि तसाच आत शिरला. मी चार पावलांवर उभी होते. ज्या खोलीच्या भीतीपोटी माझ्याकडून 79,900 रोख घेतले, त्या खोलीची त्याला काडीची भीती नव्हती. खऱ्या कामात आत-बाहेरच्या मध्ये एक जागा आखलेली असते, तिथे सूट आणि मोजे उतरवून पिशवीत टाकल्याशिवाय कुणी बाहेर पाऊल ठेवत नाही. हे तेव्हा माहीत नव्हतं, कबूल. पण डोळ्यांना दिसत होतं की! मी स्वतःलाच समजावलं, असेल त्यांची पद्धत, आपल्याला काय कळतं. तिथेच काम थांबवायला हवं होतं.

फॉगिंगचं मशीन 40 मिनिटं चाललं. धूर दिसला की लोकांना वाटतं काम झालं. धुराने काहीही होत नाही, जोवर खालची घाण तशीच आहे. आधी घाण उचलायची, घासून काढायची, आणि मगच जंतुनाशक. ब्लीचचं पाणी ताजं हवं, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तो भाग ओला राहायला हवा. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले, तर साधारण 10 मिनिटं. यांनी फवारलं आणि लगेच फडक्याने पुसलं. गादी, उशी, प्लाय अशा शोषून घेणाऱ्या वस्तू धुऊन साफ होत नाहीत, त्या काढाव्याच लागतात. यांनी गादी नेली आणि प्लाय तसंच ठेवलं, वर नवी चादर घातली. आणि लघवी साचलेल्या जागी ब्लीच ओतायला कुणालाही देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.

शेवटी माझ्यासमोर फरशीवर एक काडी फिरवली, छोट्या यंत्रात घातली आणि आकडा दाखवला. "बघा ताई, शून्याजवळ." ती एटीपी चाचणी. ती विषाणू दाखवतच नाही, सेंद्रिय घाण उरली आहे का एवढंच सांगते. आणि फरशीवर ब्लीच ओलं असेल तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. काडी त्यांनी दाराजवळ फिरवली होती, पलंगाखाली नाही. जागा तुम्ही दाखवा, आणि आधीचा आकडाही मागा. सर्टिफिकेटवर छापलं होतं, "100 टक्के निर्जंतुक". राहत्या घराला असं कुणी प्रामाणिक माणूस लिहून देत नाही.

पाचव्या दिवशी वास परत आला. मी पलंगाखाली फरशीच्या सांध्यात जखमेवर लावायचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब थेंब सोडलं. पांढरा फेस वर आला, सांध्यासांध्याने भिंतीपर्यंत फसफसत गेला. रक्तावर ते असंच फेसाळतं. मी तिथे गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडले.

दादाचं स्टीलचं घड्याळही त्यांनी नेलं. "दूषित आहे, नष्ट करावं लागेल." धातू आणि काच पुसून निर्जंतुक होतात. कुठलीही वस्तू यादी आणि सही घेतल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देऊ नका.

आणि सरकारी लोक! पोलीस म्हणाले, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी वाद आहे. मी घड्याळाचं सांगितलं तर म्हणाले, "तुम्हीच नेऊ दिलं ना?" बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय. आरोग्य खात्याने सांगितलं की त्यांचा संबंध दवाखान्यांच्या कचऱ्याशी, घरच्या नाही. ग्राहक तक्रारीसाठी समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर मी स्वतः गेले, तिथे बंद गोदाम. आणि हे सगळं चालू असताना मला 5,000 दंडाची नोटीस आली, कारण दादाची गादी साध्या काळ्या पिशवीत बिल्डिंगमागच्या कचऱ्यात सापडली आणि पिशवीत त्याच्या नावाचं वीजबिल होतं! विल्हेवाटीचे 12,500 भरल्याची पावती मी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती वाचलीसुद्धा नाही. ज्यांनी टाकली त्यांना शोधायला कुणालाही वेळ नाही, माझ्याकडून दंड घ्यायला मात्र दोन माणसं घरी आली. म्हणून सांगते, कचरा कुठे गेला, तिथे कुणी घेतला, त्याची लेखी पोच मिळेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

नंतर दुसऱ्यांनी 64,000 मध्ये प्लाय काढलं, पलंगाखालच्या चौदा फरश्या उचलल्या, खालचं सिमेंट खरवडलं. वास गेला. त्यांनी आधी फोटो काढून मला दाखवले होते आणि कुठे काय करणार ते कागदावर लिहून दिलं होतं. दंड धरून माझे 1,72,000 गेले.

तक्रारीवर "निकाली" असा शेरा मारून कागद परत आलाय. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे, घड्याळाचा फोटो घेऊन. मागच्या झाकणावर दादाच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं आहे.